बालसखीचं नाव काय होतं?

१४ ऑक्टोबर २०१९. शाळा सुटायच्या सुमाराला स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याच्या मोबाइलवर बातमी आली. अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना जाहीर झालं होतं. बॅनर्जी आपल्याकडचे, म्हणून सगळ्यांना आनंद झाला. नोबेल समितीच्या पत्रकात एक वाक्य होतं. या मंडळींच्या एका अभ्यासामुळे भारतातल्या पन्नास लाखांहून अधिक मुलांना शाळेत पूरक शिकवणीचा फायदा झाला, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी त्या अभ्यासाविषयी वाचताना ‘बालसखी’ हा शब्द समोर आला आणि मला आमच्या शाळेचा जुना व्हरांडा आठवला. पाण्याच्या टाकीशेजारी फरशीवर बसलेली अठरा पोरं, आणि त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलेली एक मुलगी.

त्या मुलीबद्दल मला लिहायचं आहे. पण तिची गोष्ट तिच्यापासून सुरू होत नाही, म्हणून आधी थोडं मुंबईला जाऊन येऊ.

मुंबईच्या वस्त्यांमधली ताई

१९९४-९५ च्या सुमारास युनिसेफ, मुंबई महापालिका आणि शहरातले काही उद्योजक यांनी मिळून ‘प्रथम’ नावाचं काम उभं केलं. त्यात दोन नावं पुढे होती. एक माधव चव्हाण. अमेरिकेत रसायनशास्त्राची पीएच.डी. करून ते मुंबईत शिकवत होते. दुसऱ्या फरिदा लांबे, निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयातल्या प्राध्यापक. सुरुवात बालवाड्यांपासून झाली. झोपडपट्टीत शाळा बांधायला जागा नव्हती, तेव्हा वस्तीतल्याच एखाद्या तरुणीला विचारायचं, की तू रोज दोन-तीन तास पंधरा-वीस मुलांना घेऊन बसशील का? जागा मिळेल ती. कुणाचं घर, देवळाचा ओटा, एखाद्या मंडळाची खोली.

पुढे लक्षात आलं, की पालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीत पोहोचलेल्या बऱ्याच मुलांना अक्षरओळखही नाही. मुंबईच्या पालिका शाळा मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती अशा आठ माध्यमांतून चालतात, आणि हे दुखणं कुठल्याही एका माध्यमाचं नव्हतं. त्यातून १९९८ च्या आसपास ‘बालसखी’ ही योजना आली. बालसखी म्हणजे वस्तीतलीच मुलगी, शालेय शिक्षण पूर्ण केलेली. सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, पुढे अधूनमधून मदत. वर्गातली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि पहिली-दुसरीत जे यायला हवं होतं ते पुन्हा शिकवायची. वर्ग रिकामा असला तर वर्गात, नसला तर व्हरांड्यात किंवा मैदानात. मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये.

२००१ ते २००३ या दोन शैक्षणिक वर्षांत मुंबई आणि बडोद्याच्या शाळांमध्ये या योजनेची शास्त्रीय पाहणी झाली. बॅनर्जी, डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन यांचा तो निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की पहिल्या वर्षी मुलांचे गुण वाढले, दुसऱ्या वर्षी ती वाढ दुप्पट झाली, आणि फायदा झाला तो मुख्यतः तळाच्या मुलांना. योजना थांबल्यावर वर्षभरानं तपासलं तेव्हा फायदा कमी झाला होता, पण पुसला गेला नव्हता.

याच निबंधातली आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून मला जास्त टोचली. कच्ची मुलं बालसखीकडे गेल्यावर शिक्षकाकडे वर्ग लहान उरत होता. तरीही त्या उरलेल्या मुलांमध्ये काही फरक पडला नाही. आम्ही सगळे आयुष्यभर सांगत आलो, ‘वर्गात साठ पोरं, काय शिकवणार?’ इथं पोरं कमी झाली, शिकवणं तेच राहिलं, म्हणून निकालही तोच राहिला. बालसखीकडे पदवी नव्हती. पण तिचं लक्ष मूल कितवीत आहे यापेक्षा त्याला काय येतं याकडे होतं. सगळा फरक तिथं होता.

आमचा व्हरांडा

मी बी.एड. करून बीड शहरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलो. २००० साली आपल्या राज्यात ही योजना आली. तीन वर्षं मानधनावर काम आणि मग नियमित नेमणूक. ती तीन वर्षं काढून मी नुकताच कायम झालो होतो. उर्दू आणि मराठी, दोन्ही विषय माझ्याकडे. पाचवीच्या वर्गात मराठी शिकवायला गेलो की अर्धा वर्ग माझ्याकडे कोरड्या नजरेनं बघायचा. मराठी तर दूरच, त्यांना उर्दूचं पानही वाचता येत नव्हतं.

२००८ साली एका संस्थेच्या कामातून मोहल्ल्यातली एक मुलगी शाळेत आली. बारावी झालेली, वय अठरा-एकोणीस, वडील हातगाडीवर फळं विकायचे. मुख्याध्यापकांनी तिला माझ्याकडे पाठवलं. मी तिला काय सांगितलं, ते आठवलं की आजही शरम वाटते. मी म्हणालो, ‘वर्ग रिकामा नाही, व्हरांड्यात बसा. कच्ची मुलं घ्या, हुशार मुलांना हात लावू नका. आणि पुस्तकातला धडा शिकवायचा नाही, ते आमचं काम आहे.’ ती ‘जी सर’ म्हणाली आणि टाकीजवळ जाऊन बसली.

ज्यांना उर्दू लिपी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ‘बे’, ‘पे’, ‘ते’ या अक्षरांचा मूळ आकार एकच आहे, फरक फक्त नुक्त्यांचा. खाली एक नुक्ता दिला की ‘बे’, खाली तीन दिले की ‘पे’, वर दोन दिले की ‘ते’. शिवाय बरीच अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतात, मध्ये दुसरं आणि शेवटी तिसरं. तख्त्यावरची सुटी अक्षरं घडाघडा म्हणणारं मूल शब्द समोर आला की अडतं, ते इथंच. आम्ही हे बी.एड.मध्ये शिकलो नव्हतो. तिनं काय केलं? फरशीवर खडूनं मोठा आकार काढला आणि मुलांच्या हातात चिंचोके दिले. ‘बे बनाओ.’ एक चिंचोका खाली. ‘अब पे बनाओ.’ तीन खाली. पोरं खेळत होती, भांडत होती, एकमेकांचे चिंचोके पळवत होती, आणि पंधरा दिवसांत नुक्ते चुकायचे थांबले.

मग ती रोज एका मुलाला एक वाक्य बोलायला लावायची. ‘मेरे अब्बा हमाली करते.’ ते तसंच फरशीवर लिहायची आणि त्यालाच वाचायला लावायची. आपलंच वाक्य, त्यामुळे वाचायला भीती नाही. मराठीसाठीही तिनं तेच केलं. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गातला एक मुलगा फळ्यावरचा सुविचार मोठ्यानं वाचत सुटला आणि धावत येऊन मला म्हणाला, ‘सर, मेरेकू आया पढने!’ चार महिने तो माझ्या वर्गात बसत होता. माझ्याकडून त्याला ते आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ती आली नाही. लग्न झालं, सासरी गेली, एवढंच कळलं. त्या पाहणीतही हेच नोंदवलंय, की बालसख्या सरासरी एखादं वर्ष टिकायच्या. लग्न झालं किंवा दुसरं काम मिळालं की जायच्या. त्यांच्या जागी दुसरी यायची आणि निकाल तसाच राहायचा. अभ्यासकांच्या दृष्टीनं ही योजनेची ताकद होती, कारण ती चार-दोन असामान्य माणसांवर अवलंबून नव्हती. मला मात्र ते वाचताना वाटलं, एकीच्या जागी दुसरी चालते म्हणूनच बहुधा पहिलीचं नाव कुणी लिहून ठेवत नाही.

नाव राहतं कुणाचं?

तरुणांनी, बहुतेकदा स्वतःच अजून शिकत असलेल्यांनी, लहानांना शिकवायचं, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मकतबमध्ये मोठा मुलगा लहानांचा सबक घ्यायचा, पंतोजींच्या शाळेतही तेच. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल नावाचे पाद्री मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होते. जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. हाताखालच्या शिक्षकांना ही पद्धत पटेना, तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला लहानांचा शिक्षक केलं. १७९७ मध्ये त्यांनी लंडनला यावर पुस्तिका छापली आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर गेली. बेल यांची कबर वेस्टमिन्स्टर ॲबेत आहे. सैनिकाच्या पोराचं, फ्रिस्कनचंही नाव इतिहासात आलं. वाळूत अक्षरं गिरवणाऱ्या त्या देशी मुलांची नावं मात्र कुणाला माहीत नाहीत.

१८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या फातिमा शेख यांच्याविषयी अलीकडे बरीच वादावादी झाली, त्या होत्या की नव्हत्या इथपर्यंत. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतिबांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारी असल्यामुळे कामाचा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा भाव आहे. एका मैत्रिणीनं आजारपणात दुसरीची आठवण काढली, म्हणून ते नाव टिकलं. ते पत्र हरवलं असतं तर? आज आपण एका ओळीवरून भांडतो आहोत, कारण दुसऱ्या कुणाला दुसरी ओळ लिहावीशी वाटली नाही.

आमच्या जिल्ह्यातही अशी परंपरा आहे. निजामाच्या राज्यात मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथल्या योगेश्वरी शाळेत १९३५ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ आले, ते आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवून. तेव्हा ते बत्तिशीच्या आसपास होते. पुढे ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, म्हणून त्यांच्या मास्तरकीचीही नोंद राहिली. ४ जून १९४१ ला पुण्यात राष्ट्र सेवा दल नव्यानं उभं राहिलं, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. विशीतली पोरं संध्याकाळी गल्लीतल्या मुलांची शाखा घ्यायची. खेळ, गाणी, गोष्टी, साफसफाई, सुट्टीत शिबिरं. जात-धर्म न विचारता एका पंगतीत जेवण. हमीद दलवाई, निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखी माणसं त्या मांडवाखालून गेली. ती मोठी झाली, म्हणून आपण त्यांच्या लहानपणीच्या शाखेविषयी बोलतो. पण ज्या दादानं किंवा ताईनं त्यांची शाखा घेतली, त्यांच्याविषयी सहसा कुणी बोलत नाही.

दोन प्रकारचे स्वयंसेवक

मुंबईतच आणखी एक धारा आहे. १९९१ मध्ये शाहीन मिस्त्री या तरुणीनं कॉलेजात असतानाच मित्रमैत्रिणी जमवून कुलाब्याच्या होली नेम शाळेत वस्तीतल्या पंधराएक मुलांचा वर्ग सुरू केला. ती ‘आकांक्षा’. त्यातूनच पुढे ‘टीच फॉर इंडिया’ आलं. २००९ पासून चांगल्या महाविद्यालयांतले पदवीधर मुंबई-पुण्याच्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांत दोन वर्षं पूर्णवेळ शिकवू लागले. अमेरिकेत १९९० मध्ये ‘टीच फॉर अमेरिका’नं हेच केलं होतं. या तरुणांची मेहनत मी कमी लेखत नाही. त्यातले कितीतरी पुढे शिक्षणाच्याच कामात राहिले.

पण दोन्हींमधला फरक बघा. पदवीधर तरुण वस्तीत येतो आणि दोन वर्षांनी जातो, तेव्हा त्याच्याकडे प्रमाणपत्र असतं, ओळखी असतात, पुढच्या नोकरीत त्या दोन वर्षांना किंमत असते. वस्तीतली बारावी झालेली मुलगी वर्षभरानं थांबते, तेव्हा तिच्याकडे काय असतं? काम तेच, कित्येकदा मुलांच्या बोलीची जाण जास्त. तिला माहीत असतं, कुठल्या पोराच्या घरी रात्री भांडण झालं आणि कुठलं पोरगं उपाशी आलंय. ही जाण कुठल्याच कागदावर येत नाही.

माझ्या पेशातले मित्र इथं म्हणतील, ‘सर, तुम्ही तर सरकारला स्वस्त मजूर मिळवून देताय!’ आक्षेप खरा आहे. पाचशे रुपयांत बाजी मिळते म्हटल्यावर शिक्षकाची रिकामी जागा कशाला भरायची, असा हिशोब कुणीही करील. मी स्वतः तीन वर्षं मानधनावर काढली आहेत, त्यामुळे ‘सेवक’ या शब्दाचा अर्थ महिनाअखेरीला काय होतो, हे मला कुणी सांगायला नको. शाळेत प्रशिक्षित, कायम शिक्षक हवाच. बालसखी ही त्याला पर्याय नव्हे. पण म्हणून तिच्याकडून शिकायचंच नाही, हा आमचा तोरा आहे आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’नं गावातल्या तरुणांना चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वाचनवर्ग घ्यायला लावले. जी मुलं आली ती शिकली. अजिबात अक्षरओळख नसलेली मुलंही निदान अक्षरं वाचू लागली. पण गावातली फार थोडी मुलं तिथं पोहोचली. शंभरात आठ. म्हणजे स्वयंसेवक कितीही चांगला असला तरी शाळेनं दार उघडलं नाही तर तो ओट्यावरच राहतो. मुंबईच्या शाळांनी निदान व्हरांडा दिला होता. मीही तेवढाच दिला.

असर

२००५ पासून दरवर्षी किंवा वर्षाआड देशभरातल्या ग्रामीण मुलांच्या वाचनाची पाहणी होते. तिचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव ‘असर’. आमच्या उर्दूतही असर म्हणजे परिणाम. तीही हजारो तरुण स्वयंसेवकच करतात. घरोघरी जाऊन मुलाच्या हातात एक कागद द्यायचा. अक्षरं, शब्द, छोटा उतारा, मोठा उतारा. कोरोनानंतरच्या २०२२ च्या पाहणीत तिसरीतल्या फक्त २०.५ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०१८ मध्ये हाच आकडा २७.३ होता.

शाळा बंद होत्या त्या काळात आमच्या मोहल्ल्यात दोन मुली आणि एक मुलगा गच्चीवर मुलं घेऊन बसायचे. तिघंही कॉलेजात, त्यांचंही वर्ष घरीच चाललेलं. मी बघायला गेलो तर एकीनं पोरांना चिंचोके दिले होते! मी विचारलं, ‘ये कहाँ से सीखा?’ ती म्हणाली, ‘भाई ने बताया. उनकू स्कूल में बाजी ने सिखाया था.’

तिचा भाऊ म्हणजे फळ्यावरचा सुविचार वाचणारा तोच मुलगा. आता त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नोबेलची बातमी आली त्या आठवड्यातच मी त्याच्याकडे जाऊन त्या मुलीचं नाव विचारलं होतं. त्यानं डोकं खाजवलं. ‘सर, नाम किसको मालूम? बाजीच बोलते थे ना सब.’ मग शाळेत जुने कागद काढले. तिची हजेरी सुट्या कागदावर असायची, तो कागद कुणी जपला नव्हता. आमच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये ती नव्हती. संशोधनाच्या निबंधात नावं नसतात, तो त्या शास्त्राचा नियमच आहे. पण मी तिच्यापासून वीस पावलांवर बसत होतो, मला कुठला नियम आडवा आला? मी एकदाही विचारलं नाही, एवढंच खरं.

आता मी एक वेगळी वही ठेवली आहे. शाळेत किंवा मोहल्ल्यात जो कुणी येऊन मुलांना शिकवेल, त्याचं पूर्ण नाव, वर्ष, किती मुलं, काय शिकवलं, एवढं त्यात लिहितो. त्यातल्याच नोंदीवरून मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र देतो. गच्चीवरच्या त्या तिघांना दिलं. त्यातल्या एकीनं पुढे डी.एड.ला प्रवेश घेतला, तेव्हा ते पत्र फाईलमध्ये लावलं. पत्रानं प्रवेश मिळत नाही, हे मला कळतं. पण तिनं ते लावलं.

तुमच्या शाळेत, गल्लीत असं कुणी असेल तर आधी त्याला वर्ग द्या, व्हरांडा नको. आणि त्याचं नाव विचारून लिहून ठेवा. माझ्या वहीतली पहिली नोंद मी अजून तशीच ठेवली आहे : २००८. बाजी. १८ मुलं. उर्दू-मराठी वाचन. नावाची जागा रिकामी आहे. बीडमध्ये कुणाला माहीत असेल तर कळवावं, मी भरून घेईन.